लेकीला लंगडी घालता येत नव्हती

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीआधी लेकीच्या शाळेत ओपन हाऊस होतं, सिनियर केजीचं. टीचर खूप प्रेमळ आहेत, म्हणाल्या की समजायला काही प्रॉब्लेम नाही, गोष्टी सांगते, गाणी पाठ आहेत, पण लिहायला बसली की चार ओळी झाल्या रे झाल्या हात झटकायला लागते, मग डाव्या हाताने गाल धरते, मग बेंचवर डोकंच टेकवते. आणि खाली सतरंजीवर मांडी घालून बसवलं की पाच मिनिटांत सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकते. मी घरी येईपर्यंत मनात ठरवून टाकलं होतं की आता हँडरायटिंगचा क्लास लावायचा, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारूनही झालं कुणाकडे नंबर आहे का म्हणून.

नंबर मिळायच्या आत भाऊबीज आली आणि माझी नणंद आली ठाण्याहून. ती फिजिओ आहे, लहान मुलांमध्येच काम करते. जेवणं झाल्यावर मी तिला हे सगळं सांगितलं तर ती वहीकडे बघेच ना. म्हणाली, "वहिनी, वही ठेव गं बाजूला. चल गं पिल्लू, आत्याला लंगडी घालून दाखव."

दोन उड्या. तिसऱ्या उडीला पाय टेकला. दुसरा पाय करून बघितला तर एकच उडी आणि सोफ्याचा आधार. मग संध्याकाळी खाली गार्डनमध्ये नेलं, तिथे लोखंडी बार आहे त्याला लटकवलं, आत्याने मोबाईलवर वेळ लावली, तीन सेकंद. साडेपाच वर्षांची मुलगी. नणंद म्हणाली या वयात एका पायावर दहा सेकंद उभं राहता आलं पाहिजे आणि आठ-दहा उड्या लंगडी सहज जमली पाहिजे, थोडं मागेपुढे चालतं, पण हिचं पोट आणि खांदे कच्चे आहेत, हात कुठून टिकणार.

हे मला तेव्हा अजिबात कळलं नव्हतं म्हणून जरा नीट लिहिते, कारण मला वाटतं माझ्यासारख्या खूप आया हँडरायटिंगच्या वहीतच अडकलेल्या असतात. लिहिताना बोटं हलतात ती आपल्याला दिसतात, पण बोटं नीट हलायला मनगट स्थिर लागतं, मनगटाला कोपर आणि खांदा धरून ठेवणारा लागतो, आणि खांद्याला पाठ आणि पोट. बाळाची वाढ पण अशीच होते ना, आधी मान धरतं, मग पालथं पडतं, बसतं, रांगतं, चिमटीत मुरमुरा उचलणं मान धरण्याच्या कितीतरी नंतर. पोट आणि पाठच लवकर थकत असेल तर मूल बेंचवर आडवं होणारच, तो आळस नाही हो. आपण त्याला "सरळ बस, सरळ बस" म्हणतो आणि बिचारं बसू शकत नसतं.

अजून एक गोष्ट तिने सांगितली ती मला फार लागली. आपल्या मनगटात आठ छोटी छोटी हाडं असतात, बाळ जन्मतं तेव्हा एक्सरेमध्ये त्यातलं एकही दिसत नाही, सगळी कूर्चाच असते, म्हणजे हाड बनण्याआधीचा मऊ लवचिक भाग. मग हळूहळू एकेक हाड तयार होत जातं आणि शेवटचं दिसायला लागतं साधारण नऊ ते बारा वर्षांच्या मध्ये कधीतरी. म्हणजे केजीतल्या मुलाचा हात आपल्या हाताची छोटी कॉपी नाहीये, तो अजून बनतोय. त्या हाताला चार पानं गिरवायला लावण्यापेक्षा माती मळू दे, कणकेचा गोळा दे, लटकू दे, हातावर चालू दे. हे ऐकल्यावर मी हँडरायटिंग क्लासचा विषय तिथेच सोडला.

मग हिचं असं का झालं हा विचार मी खूप केला. जन्म 2019 चा. चालायला लागली तेव्हा लॉकडाऊन, घर म्हणजे वन बीएचके, खाली जायचं नाही, झोपाळ्यांना दोरी बांधून ठेवलेली. नंतर सगळं उघडलं पण सवय तीच राहिली. शाळेला व्हॅन, वर यायला लिफ्ट, गार्डनमध्ये प्लास्टिकची घसरगुंडी जी तीन वर्षांच्या मुलाला पुरते. चढायला झाड नाही, उड्या मारायला वाळूचा ढीग नाही. डब्लूएचओचं म्हणणं असं आहे की तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून निदान 180 मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली 60 मिनिटं तरी चांगली धाप लागेल अशी, आणि पाच वर्षांपासून पुढे रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी, शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं आणि स्नायू मजबूत करणारं काहीतरी. मी एक दिवस घड्याळ लावून बसले. लेकीचं खरोखर पळणं-उड्या मारणं सगळं मिळून पंचवीस मिनिटं भरलं. आणि तो रविवार होता.

तर मग क्लास शोधायला लागलो. पहिला लावला क्रिकेटचा, कारण घराजवळ होता आणि नवऱ्याला आवडतं. नाव सांगत नाही. पॅड, हेल्मेट, छोटी बॅट सगळं घेतलं. मी तीन दिवस बाकड्यावर बसून बघितलं, एक नेट आणि वीस-बावीस पोरं, सगळी पॅड बांधून लायनीत उभी. एका तासात हिच्या वाट्याला आले आठ बॉल. बाकी वेळ उभं राहणं, आणि शेवटी मैदानाला तीन राऊंड मारायचे. आता लहान मुलं अशी एका स्पीडने राऊंड मारतच नाहीत मुळात, कुठल्याही अंगणात बघा, जोरात पळतात, थांबतात, खाली बसतात, परत पळतात. त्यांचं शरीर तसंच चालतं. राऊंडला लावलं की दुसऱ्या राऊंडला रडतात आणि आपल्याला वाटतं स्टॅमिना नाही. माझा क्रिकेटवर राग नाही, दहा वर्षांच्या मुलाला मजा येईलही तिथे, पण पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मी आता कुठलाही क्लास बघायला गेले की एकच गोष्ट मोजते, तासातली किती मिनिटं पोर हलतंय. निम्म्याच्या खाली असेल तर फी कितीही कमी असो, मी नाव घालत नाही.

मग सासूबाईंनी आठवण काढली व्यायामशाळेची. मारुतीच्या देवळामागे आहे, पत्र्याची शेड, समोर मातीचं मैदान, सासरे लहानपणी तिथेच जायचे. मला वाटलेलं बंद पडली असेल, तर नाही, संध्याकाळी साडेपाचला पन्नासेक मुलं आणि मधोमध तीन मल्लखांब रोवलेले. फी महिना चारशे. सर साठीच्या पुढचे असतील, स्वतः शाळेतून रिटायर झालेले.

पहिले तीन आठवडे हिला खांबाला हात लावू दिला नाही. मला वाटलं हे काय, पण सर म्हणाले, "आधी जमिनीवर तरी शिकू दे की ताई." मग काय करायचे तर माकडासारखं चार पायांवर, खेकड्यासारखं पोट वर करून उलटं, बेडूक उड्या, हत्तीची चाल, कोलांट्या, एकमेकांचे पाय धरून ढकलगाडी. सूर्यनमस्कार पाच. लंगडी रोज, एकदा उजवा पाय एकदा डावा. चप्पल बाहेर, सगळं अनवाणी. तासभर कुणीही लायनीत उभं नाही, एक गट खांबावर तर बाकीचे जोर, बैठका, कमान. मी बाकड्यावर बसून बघत होते आणि मला नणंदेने कागदावर लिहून दिलेली यादी आठवत होती, खांद्यावर वजन येईल असं काहीतरी, लटकणं, एका पायावर तोल, उलटं होणं, लोळणं. ती सगळी यादी तिथे मातीत चालू होती आणि त्याला कुणी थेरपी म्हणत नव्हतं.

अनवाणी वरून आठवलं, लहान मुलांचे तळवे सपाट दिसतात ते बहुतेक वेळा नॉर्मल असतं. तळपायाची कमान जन्मतः नसते, ती सहा-सात वर्षांपर्यंत हळूहळू होत जाते, आणि मातीवर, गवतावर, उंचसखल जागी अनवाणी चालल्याने पायातले छोटे स्नायू कामाला लागतात. दुखत असेल किंवा एकच पाय वेगळा दिसत असेल तर डॉक्टरला दाखवा, पण नुसतं सपाट दिसतं म्हणून महागाचे बूट घेऊ नका, मी घेतले होते.

आता मल्लखांबाबद्दल, कारण मला हा प्रकार इतका आवडलाय की मी भेटेल त्याला सांगत सुटते. खांब खाली जाड आणि वर निमुळता, डोक्यावर बोंड. लाकडाला एरंडेल लावतात म्हणजे अंग घासत नाही. आता विचार करा, गुळगुळीत लाकूड, चढायला पायरी नाही, धरायला कडी नाही, मग मूल काय करतं तर मिठी मारतं. दोन्ही हात, छाती, पोट, मांड्या, पोटऱ्या, तळवे, सगळ्याने एकदम धरावं लागतं. जिममध्ये हाताचा दिवस, पायाचा दिवस असं असतं तसं इथे होऊच शकत नाही. पहिली गोष्ट शिकवतात ती साधी अढी, म्हणजे हाताने धरून पाय वर टाकायचे आणि पायांनी खांबाला पकड घालायची, डोकं खाली. जेव्हा डोकं खाली जातं तेव्हा कानाच्या आत जी तोल सांभाळणारी यंत्रणा असते तिला काम मिळतं, जे दिवसभर खुर्चीवर आणि व्हॅनमध्ये बसून फारसं मिळत नाही. आणि डोळ्याने पाय दिसत नसताना पाय कुठे आहे हे कळावं लागतं. हे कळणं म्हणजे पुढे जिना उतरताना न पडणं, डब्याचं झाकण न सांडता उघडणं, बुटाची लेस बांधणं.

हा प्रकार आपल्याकडचा आहे याचं मला खरंच कौतुक वाटतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी हा व्यायाम रूढ केला असं मानतात, म्हणजे जवळपास दोनशे वर्षं झाली. पैलवानांना कुस्तीच्या तयारीसाठी होता तो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं 1936 ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली होती. दादरला शिवाजी पार्कात समर्थ व्यायाम मंदिर आहे, तिथे संध्याकाळी कठड्यावर उभं राहून बघा एकदा, चार वर्षांची चिमुरडी दोरीवर चढत असतात. 2019 मध्ये तिथेच शिवाजी पार्कला पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, बाहेरच्या देशांतली मुलं आली होती.

तर लेकीचं. पहिला महिना रोज रडारड, जायचं नाही म्हणून. मी जबरदस्ती केली नाही पण घेऊन जायचे, बस म्हणायचे बाकड्यावर माझ्याबरोबर, बघ फक्त, आणि दहा मिनिटांत ती आपणहून बेडूक उड्यांत घुसायची. मांड्यांच्या आतल्या बाजूला लाल व्हायचं सुरुवातीला, सासूबाई खोबरेल लावायच्या. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा वर्ल्ड कप झाला, पहिलाच, भारताच्या मुली आणि मुलं दोन्ही जिंकले, ते आम्ही घरी टीव्हीवर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सरांनी मैदानात खो-खोच लावला. खो-खो लहान मुलांसाठी काय भारी खेळ आहे, बसलेलं मूल एका क्षणात उठून पूर्ण वेगात पळतं, निघाल्यावर दिशा बदलता येत नाही म्हणून आधी डोकं चालवावं लागतं, आणि खांबाला वळसा घालताना घोट्यावर सगळा भार येतो. हाडांना असा झटका लागतो, उडीचा, धक्क्याचा, वळण्याचा. हाड जिवंत असतं, भार पडला की तिथे ते भरत जातं. म्हणूनच नुसतं स्विमिंग लावून भागत नाही असं नणंद म्हणते. पोहणं उत्तम, फुफ्फुसांना उत्तम, आणि बुडू नये म्हणून तर यायलाच हवं, पण पाण्यात वजन तरंगतं त्यामुळे हाडांना जमिनीवरच्या उड्या वेगळ्या लागतातच.

मार्चपर्यंत लंगडी आली, वीस उड्या. बारला लटकणं अठ्ठावीस सेकंद, माझ्याकडे लिहून ठेवलंय कॅलेंडरवर. पहिलीत गेल्यावर नवीन टीचरनी लिहिण्याबद्दल काहीच तक्रार केली नाही, मीच विचारलं तर म्हणाल्या बसते की छान. आता यात वयाचा पण भाग आहे, सहा महिन्यांत मूल मोठं होतंच, सगळं श्रेय खांबाला देणार नाही मी. पण रात्री साडेआठला स्वतःहून झोपायला लागली, पूर्वी दहा-साडेदहा व्हायचे, आणि वरण-भात दोनदा मागून घेते. यात मात्र मला शंका नाही. आणि डोळ्यांचं पण, रोज उजेडात बाहेर राहणाऱ्या मुलांना मायनस नंबरचा, म्हणजे लांबचं नीट न दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं हे आता डॉक्टरही सांगतात, दिवसाला दोन तास बाहेर असावं म्हणतात. आमच्या घरात दोघांनाही लहानपणापासून चष्मा आहे त्यामुळे मी ते फार मनावर घेतलंय.

नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला, "पण यात स्कोप काय?" मी आता शांतपणे सांगते की मल्लखांब नॅशनल गेम्समध्ये पण आलाय, 2022 ला गुजरातला होता. पण खरं सांगायचं तर सहा वर्षांच्या मुलीचा स्कोप मला नकोच आहे आत्ता. मला तिची हाडं भरायला हवीत, तिला पडता आलं पाहिजे. हो, पडणं शिकवतात तिथे, हात ताठ न टेकता अंग गोळा करून लोळायचं.

आणि इथे मला एक काळजीची गोष्ट लिहायचीय. आमच्याच ओळखीत एक मुलगा आहे, आठ वर्षांचा, एकच खेळ, आठवड्याला चौदा-पंधरा तास, रविवारी मॅच. टाच दुखते म्हणून लंगडतो आणि तरी ग्राउंडवर पाठवतात कारण सिलेक्शन आहे. मुलांच्या हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, तीच सगळ्यात नाजूक जागा, तिथे रोज तोच तोच भार पडला की दुखणं सुरू होतं. खेळाच्या डॉक्टरांचा एक सोपा हिशोब आहे, मुलाचं वय जितकी वर्षं त्याच्यापेक्षा जास्त तास आठवड्याला ट्रेनिंग नको. सहा वर्षांचं असेल तर सहा तास. आणि आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण सुट्टी. मोकळं खेळणं, अंगणातलं, ते यात मोजायचं नाही, ते कितीही चालेल. आणि मूल दुखतंय म्हणालं की दुखतंय, नाटक करतंय असं धरून चालू नका प्लीज. खेळताना दुखून ते दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल, किंवा लंगडत असेल, तर क्लास बंद आणि डॉक्टर.

मैत्रिणी विचारतात आमच्याकडे व्यायामशाळा नाही मग काय करू. कथ्थक आहे का जवळ, घाला. तत्कार करताना पाय कसा आपटतात बघितलंय ना, तेच लागतं हाडांना, वर ताल. लेझीम असेल शाळेत तर बेस्ट, हात वेगळं करतात पाय वेगळं करतात आणि पुढच्याशी जुळवून घ्यावं लागतं. स्केटिंगने तोल छान येतो पण हात रिकामे राहतात, म्हणून त्याच्या जोडीला लटकायला काहीतरी द्या. आणि काहीच नसेल तर घरात दाराच्या चौकटीला मजबूत बार, सुताराकडून पक्का लावून घ्या, स्वतः आधी लटकून बघा, खाली गादी, आणि मूल लटकत असताना समोर उभं राहा. रोज दात घासायच्या आधी एकदा लटकायचं. आमच्याकडे आता ही सवयच झालीय, नवरा पण लटकतो.

सध्या शाळेच्या परीक्षेमुळे व्यायामशाळा आठवडाभर बंद आहे म्हणून काल संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये खडूने ठिकरीचे घर आखलं. आखलं सासूबाईंनी, मला आठ घरं कशी मांडायची ते नक्की आठवत नव्हतं. फुटक्या कौलाचा तुकडा कुठून तरी शोधून आणला त्यांनी, शहाबादी फरशीवर घासून गुळगुळीत केला. चौथ्या घरात ठिकरी, एका पायावर उभं राहून वाकून उचलायची, रेषेवर पाय न पडता. लेकीने उचलली, तोल गेला, सावरला, आणि परत फिरली. बी विंगमधली दोन मुलं सायकल टाकून बघत उभी होती. त्यातला एक साधारण पाच वर्षांचा असेल, म्हणाला मी पण, आणि एका पायावर उभा राहिला तर दुसऱ्याच उडीला पाय टेकला. सासूबाईंनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "थांब हं, आजी धरते. हं, आता घाल."